एक्सटर्नलच्या जेवणातले रोहू

"ए ढिवरीण, उठ. मासे कापून दे."

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची प्राणिशास्त्राची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. माझ्यासमोर ट्रेमध्ये मुशी होती, समुद्रातला छोटा शार्क. तिच्या डोक्यातल्या नसा मोकळ्या करायच्या होत्या. केसासारख्या बारीक नसा. चिमटा घसरला की खेळ खलास. आणि आमच्या विभागाचे सर दारात उभे राहून मला उठवत होते. सगळ्या वर्गासमोर. नावानं नाही, जातीनं.

मी म्हटलं, "सर, माझी परीक्षा चालू आहे."

"परीक्षा होत राहते. एक्सटर्नल साहेबाचं जेवण अडून राहिलं. तुमच्या लोकाइच्या हाताला सवय असते. पाच मिनटाचं काम."

बाहेरून परीक्षा घ्यायला आलेले ते एक्सटर्नल खुर्चीत बसून हसले. "बढिया. मछली भी घर की, काटनेवाली भी."

शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण मान खाली घालून चिमटा पुसत बसली.

ते मासे मीच आणले होते. गोंदियाकडच्या गोरेगावजवळ आमच्या गावात बाबा तलावात जाळं टाकायचे. कॉलेजच्या प्रत्येक प्रॅक्टिकलला मासे माझ्या घरून जायचे. फुकट. उरलेले सर घरी न्यायचे. माय विचारायची, "काऊन वं, कॉलेजात दुसरं कोनी मच्छी नाई आनत का?" बाबा म्हणायचे, "देऊन दे. मार्क त्याइच्या हातात हायेत."

आदल्या दिवशी सरांनी सांगितलं, परीक्षेला दोन मोठे रोहू लागतील. सकाळच्या एसटीत पिशवी मांडीवर घेऊन आले. बायका नाकाला पदर लावून सरकल्या. मला वाटलं होतं, रोहू खरंच परीक्षेसाठी आहेत.

उठले. सिंकपाशी पिशवी, सुरी आणि पातेलं मांडून ठेवलं होतं. सुरी हातात घेतली आणि टाळकं सटकलं. मार्कांसाठी घरचे मासे दिले. आणि आज मार्क मिळवायच्या टेबलावरूनच मला उठवलं. मग हा सौदा तरी कसला?

मांडणीवरची मोठी बरणी काढली. तिच्यात फॉर्मॅलीन होतं. मेलेले प्राणी कुजू नयेत म्हणून ज्यात बुडवून ठेवतात ते विषारी पाणी. दोन्ही रोहू त्यात कोंबले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते फॉर्मॅलीननं की रागानं, माहीत नाही. बरणी नेऊन एक्सटर्नलच्या पुढ्यात आदळली.

"घ्या साहेब. बरीच वर्षं टिकतील."

परत आले तर माझ्या टेबलावरचा ट्रे उचललेला.

नापास झाले. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माय तेवढी म्हणाली, "बरं केलंस. आता मच्छी आपल्याच चुलीवर शिजन."

पुढच्या वर्षी दुसऱ्या केंद्रावर परीक्षा दिली. पास झाले. मुशी बरणीतून आली होती, मला तिचा समुद्र बघायचा होता. पुढे शिकायला थेट कोकण गाठलं. आज तिथेच एका सागरी संशोधन संस्थेत काम करते. समुद्र तापतो तशा खाडीतल्या शिंपल्या कशा मरतात, मासळी किनारा सोडून कुठे जाते, हे मी अभ्यासते. "गोंदियात कुठला आलाय समुद्र?" म्हणून खिदळणारे सहकारी भेटले. मे महिन्यात आमचा तलाव आटून तापायचा, मासे वर येऊन तोंडं उघडायचे. ते बघत मी वाढले. खाडीत तेच दिसलं तेव्हा मला कुणी शिकवावं लागलं नाही. संस्थेत पाहुणे आले तेव्हा "मॅडमला मासळीतलं कळतं" म्हणत मलाच बाजारात पाठवू बघितलं. एकदाच. माझा नकार ऐकल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजातून फोन आला. विभागप्रमुख आता नवे आहेत, तरुण आहेत. हवामान बदलावर भाषण द्या म्हणाले. मी हो म्हटलं.

"मॅडम, येताना पापलेट आणाल का? त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल आहेत. एक्सटर्नल येऊन राहिले."

मी विचारलं, "सध्या मासे कोण आणतं?"

"आहे ना एक पोरगी. तुमच्याच समाजाची. बिचारी नाही म्हणत नाही."

अंगाचा तिळपापड झाला. जुने सर निवृत्त झाले, रीत शाबूत. मी एकटी तिथून सुटले, आणि त्यालाच इतकी वर्षं जिंकणं समजत बसले.

भाषणाला नकार कळवला. विद्यापीठाकडे तक्रार धाडली, स्वतःच्या नावानं, हुद्द्यासकट. अजून उत्तर नाही. न येवो. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी गोंदियात असणार आहे. त्या पोरीला आधी भेटणार आहे, रिकाम्या हातानं ये म्हणून सांगणार आहे. मग प्रयोगशाळेच्या दारात उभी राहणार आहे. तिला उठवायला येणाऱ्यानं आधी माझ्याशी बोलावं. तिची परीक्षा पूर्ण होईपर्यंत मी तिथून हलणार नाही.