पुंडलिकदादांचा वॉल्व्ह

त्या सकाळी आमच्या गल्लीत नळ आले आणि मी मैदानावरचा वॉल्व्ह उघडा टाकून घराकडे पळालो.

माझ्या बचावात एवढंच सांगता येईल की, आमच्या संभाजीनगरात नळ आल्यावर कुणीही पळतं. आठ दिवसांनी पाणी येतं तेव्हा माणूस माणूस राहत नाही, बादली होतो. एका लग्नात अंतरपाट धरलेला काका मंगलाष्टकं चालू असताना आपलं टोक दुसऱ्याच्या हातात कोंबून पळालेला मी पाहिला आहे, आणि वऱ्हाडातल्या एकानंही त्याला नावं ठेवली नाहीत. तेव्हा हिचा फोन आला, “अहो, नळ आले!” आणि माझ्या हातातली लोखंडी चावी भिंतीला कधी टेकली, पाय घराकडे कधी वळले, मलाच कळलं नाही. दोन ड्रम भरले, टाकी भरली, बादल्या, हंडे, कुकर, कुकरची भांडी भरली. चहाचं गाळणं तेवढं राहिलं. मग नळानं शेवटची गुळणी टाकली आणि मला दुसरा नळ आठवला.

धापा टाकत मैदानावर पोचलो तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. नऊला सामना होता. पूर्वेकडच्या गोलपुढचं अर्धवर्तुळ, ज्याला हॉकीवाले ‘डी’ म्हणतात, ते पाण्याखाली गेलं होतं. दोन बगळे येऊन उभेसुद्धा राहिले होते.

मी आधी वॉल्व्ह बंद केला. ती चावी होती पुंडलिकदादांची.

पुंडलिक साळवे. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडच्या वस्तीत घर. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात लाइनमन होते. म्हणजे खांद्यावर टी-आकाराची उंच चावी टाकून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातल्या खड्ड्यात वाकायचं आणि वॉल्व्ह उघडायचा किंवा बंद करायचा. उघडताना कुणी दुवा देत नाही. बंद करताना मात्र साऱ्या गल्लीच्या शिव्या. “दहा मिनिटं वाढवा की दादा,” म्हणून लोक चहा घेऊन मागं लागत. दादा चहाही घेत नसत. “तुमाला दहा मिनिटं दिली, तर ती फुडच्या गल्लीतून काढावी लागत्यात. तितं काय माणसं राहत नाय व्हय?” चावी त्यांनी एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या हातात दिली नाही. निवृत्तीच्या दिवशी सरकारी चावी जमा केली आणि दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून तशीच एक करून आणली. उघडायला काही नव्हतंच. नुसती दाराआड उभी. त्यांच्या पारूबाई म्हणाल्या, “माणूस रिकामा बसला तर सवत आणतो. ह्यांनी चावी आणली.”

ती चावी कामाला लागली ती ज्ञानकिरण विद्यालयाच्या मैदानावर. तिथल्या बोअरचा वॉल्व्ह रात्रंदिवस टपटपायचा. दादांना ते सहन होईना. आजारी माणसाचं कण्हणं ऐकावं तसं ते तोंड करायचे. एके दिवशी न विचारता आत शिरले, वॉल्व्ह खोलला, नवीन वायसर घातला आणि हात पुसत उभे राहिले तर समोर सोळा पोरी एका चेंडूमागे, गुळाच्या ढेपेवर मुंग्या लागाव्यात तशा, धावत होत्या. अकरा-बारा वर्षांच्या. अझहर सर नावाचे तरणे क्रीडाशिक्षक शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले होते. शाळेचा मुलींचा हॉकी संघ नुकताच निघाला होता.

पहिला सामना अकरा-शून्यनं हरला. मी तिथं होतो, कारण शाळेतून निवृत्त होऊनही संध्याकाळचा फेरफटका मी त्याच मैदानाला मारतो. पालक निघून गेले, शिपाई निघून गेला. दादा भिंतीवर बसलेलेच. मला म्हणाले, “गुरुजी, अकरा गोल झाले, पन एक बी पोरगी रडत घरी गेली नाय. लाइन चांगलीय. प्रेशर कमीय.”

त्या दिवसापासून चार वर्षं त्यांनी ती भिंत सोडली नाही. रोज सकाळी साडेसहाला वॉल्व्ह उघडून पाइपानं मुरमावर पाणी शिंपडायचे. किती, ते त्यांनाच ठाऊक. कमी झालं तर धूळ पोरींच्या डोळ्यांत जाते, जास्त झालं तर चेंडू रुततो. पूर्वेच्या डीमध्ये पाइप न्यायचाच नाही. तिथं मुरमाखाली काळी माती आहे, पाणी लागलं की ती धरून ठेवते, सोडत नाही. मोडक्या स्टिकांना नळाच्या जोडाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळून द्यायचे. संध्याकाळी भिंतीवर बसून ओरडायचे.

त्यांचं ओरडणं ऐकायला मी दोन फेऱ्या जास्त मारायचो. “करुणा, पास दे! तुज्या बापानं इकत घेतला का बॉल?” करुणा कर्णधार होती, मधल्या फळीत खेळायची. तिचा बाप खरंच दादांचा शेजारी, तो खालून ओरडायचा, “बापाला कशाला मधी आनता, दादा?” गोलरक्षक सुमय्या पॅड बांधून अवघडलेली, तिथूनच म्हणायची, “दादा, मेरेकू भी कुछ बोलो ना, मैं क्या भूत हूँ क्या?” “तू बोलायसारखं कायी करती कुटं? तू समदं बराबर करती!” मग ती हेल्मेटच्या जाळीआड हसायची.

पोरी वाढल्या, पण एकसारख्या वाढल्या नाहीत. सहा महिन्यांत करुणा वीतभर उंच झाली आणि स्टिक तेवढीच राहिली. कमरेत वाकून वाकून तिची पाठ भरून यायची. कालपर्यंत वाऱ्यासारखी पळणारी पोरगी अचानक आपल्याच पायात पाय अडकून पडायची. एकीला गणिताची शिकवणी लागली, ती गेली. एकीचं लग्न ठरलं, ती गेली. आणि तबस्सुम, जिच्या स्टिकवर चेंडू चिकटल्यासारखा राहायचा, तिला पुण्याच्या अकादमीनं नेलं. आम्ही हार घातले, पेढे वाटले, मी भाषण केलं. दादांनी टाळी वाजवली नाही. “लाइन आपन टाकायची,” ते म्हणाले, “अन् जोडनी दुसऱ्यानं घ्यायची.” मला ते फार कडू वाटलं. तबस्सुमच्या जागेवर दीड वर्ष कुणीच उभं राहू शकलं नाही, तेव्हा कळलं की कडू होतं, पण खोटं नव्हतं.

उरलेल्या संघाला एकच रोग होता. समोरून जोराचा हल्ला आला की पोरी चेंडू पुढे न मारता मागे सुमय्याकडे ढकलायच्या. “भ्यालेली बाई म्हायेराकडं पळती,” दादा म्हणायचे. त्यावर त्यांचं औषध एकच. करुणेची मान मागं वळायला लागली रे लागली की भिंतीवरून आरोळी यायची, “फुडंऽऽ!” आणि करुणा, न बघता, पुढे मारायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की अझहर सर म्हणायचे, “गुरुजी, प्रशिक्षक मी नाही. प्रशिक्षक ती भिंत आहे.”

गेल्या वर्षी ह्या पोरी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचल्या. समोर वैजापूरच्या मुली, मैदान आमचं. त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांनी सांगून टाकलं, “विभागात गेल्या तर मैदान हॉकीला. नाही गेल्या तर दिवाळीनंतर जाळी लावून टर्फ टाकू. बॉक्स क्रिकेटला मागणी आहे.” नानासाहेब वाईट माणूस नाही. त्यांना मैदान मोकळं दिसलं की अस्वस्थ होतं, इतकंच.

पावसानं दीड महिना दडी मारली होती, मैदान भाजून निघालं होतं. आणि सामन्याच्या आदल्या दिवशी दादांना कन्नडला जावं लागलं. मेहुणा वारला होता, त्याचा जलदानविधी होता. निघताना सकाळीच ते माझ्या दारात आले. खांद्यावर चावी.

“जय भीम, गुरुजी. उद्या सकाळचं पानी तुमी मारा. पोरांच्या हातात देत नाय मी.”

“द्या की. त्यात काय एवढं?”

त्यांनी चावी लगेच दिली नाही. “तीन आटे उघडायचा. सरासरा फिरायचं. पूर्वेच्या डीत पाइप न्यायचा नाय. अन् बंद करून मंगच हालायचं. मंगच, बरं का.”

“दादा, छत्तीस वर्षं मूल्यशिक्षणाचा तास घेतलाय मी.”

“व्हय. म्हनून तर देतोय.”

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाइप मी पश्चिमेलाच टाकून गेलो होतो. पण पाणी उताराला जातं, आणि मैदानाचा उतार पूर्वेला आहे.

अझहर सर आले, तळं बघून डोक्याला हात लावला. “गुरुजी! ये क्या हो गया?”

त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. नळ आले होते, एवढं म्हटलं असतं तर सरांनीच काय, वैजापूरच्या पालकांनीही मला माफ केलं असतं. पण तोंडातून निघालं, “वॉल्व्ह गळला असेल.”

तीन शब्द. ते माझ्या आधी मैदानभर फिरले. शिपायानं ते पोरींना सांगितलं, पोरींनी पालकांना. भुसा टाकला, मुरूम टाकला, पोत्यांनी पाणी टिपलं. पंचांनी चिखलात टाच रुतवून बघितली आणि म्हणाले, पाहुणे लांबून आलेत, खेळू.

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. आमच्या पोरी पूर्वेकडे हल्ला करत होत्या, आणि प्रत्येक वेळी चेंडू डीच्या तोंडाशी जाऊन, दमलेल्या माणसानं बाकड्यावर बसावं तसा, बसत होता. मध्यंतराला दादा आले. विधी आदल्या दिवशी उरकून, सकाळी कन्नडहून मिळाली ती पहिली जीप धरली होती. फाटकातून आत आले, पूर्वेकडे बघितलं आणि उभेच राहिले.

नानासाहेब खुर्चीतून म्हणाले, “पुंडलिक, घात केला रे तुझ्या वॉल्व्हनं. हजारदा म्हटलं, नवीन बसवू.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कोअरबोर्डकडे पाहिलं. तिथं शून्य-शून्य होतं, वाचायला वेळ लागावा असं काही नव्हतं. दादा वॉल्व्हपाशी गेले, वाकले, बोटानं खालची बाजू चाचपली, बोट कोरडं आहे का ते बघितलं. मग आपल्या जागी जाऊन बसले.

बाजू बदलल्या. आता पूर्वेचा गोल सुमय्याचा. पोरी लढल्या, खोटं बोलणार नाही. आज तरी नाही. सुमय्यानं दोन पेनल्टी कॉर्नर पॅडवर घेतले. पण मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते समजायला वेळ लागला. भिंत गप्प होती. चार वर्षांत पहिल्यांदा. करुणा दोनदा तिकडे बघून गेली. दादा मांड्यांवर हात ठेवून बसलेले, कुणी फोटो काढायला सांगितल्यासारखे.

सहा मिनिटं उरली होती. वैजापूरच्या दोघी करुणेवर धावून आल्या. तिची मान मागे वळायला लागली. मी बघत होतो, सारं मैदान बघत होतं. तिनं क्षणभर वाट पाहिली. आरोळी आली नाही. तिनं चेंडू मागे ढकलला. एरवी तो सरळ सुमय्याच्या पॅडवर गेला असता. चिखलात तो तीन हात आधीच मेला. वैजापूरची पोरगी आली, हलकेच फटका मारला, झालं.

सुमय्या चिखलात बसून म्हणत होती, “बॉल आयाच नहीं ना, दादा. आयाच नहीं.” करुणा स्टिकनं चिखल उकरत राहिली. ह्या वेळी दोघी रडत घरी गेल्या.

मला सगळ्यांनी धीर दिला; त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. “गुरुजी, तुम्ही काय करणार? जुना वॉल्व्ह.” वस्तीतली पोरं दादांना बघून टपटप आवाज काढायची. एकतीस वर्षं पाणी दिलं नाही म्हणून शिव्या खाल्लेल्या माणसाला आता पाणी जास्त दिलं म्हणून शिव्या. मी ते ऐकत होतो, आणि रोज ठरवत होतो की उद्या सांगू. मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात प्रामाणिकपणाचा धडा पहिलाच असतो. बहुतेक म्हणूनच तो सगळ्यांत आधी विसरला जातो.

दिवाळीनंतर जाळ्या आल्या. करुणा पोलीसभरतीच्या पोरांबरोबर हायवेच्या कडेनं पळायला लागली; स्टिक तिनं घरी कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून लावली आहे, मी पाहिली. सुमय्यानं पॅड शाळेत जमा केले. अझहर सरांना वेळापत्रकात चित्रकलेचे तास मिळाले.

हिरवी सतरंजी अंथरायच्या आदल्या दिवशी मी मैदानावर गेलो. दादा एकटेच होते. टर्फला पाणी लागत नाही, म्हणून ते वॉल्व्ह काढून न्यायला आले होते. काढून झाला होता. मांडीवर घेऊन फडक्यानं पुसत होते, बाळाचं अंग पुसावं तसा. चावी भिंतीला टेकलेली, मी ठेवली होती तिथंच.

मी शेजारी बसलो. शेवटी एका दमात म्हणून टाकलं, “दादा, त्या दिवशी नळ आले होते. वॉल्व्ह मीच उघडा टाकून गेलो होतो.”

त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

“म्हाईत हाय, गुरुजी,” ते म्हणाले, “माजा वॉल्व्ह गळत नसतो.”