बाटल्या माझ्या, नासपत्या तुमच्या

"शांतता!" आर्लेतबाई पाटीसमोर उभ्या राहून एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की फाटकावरचं कबूतर उडालं. "वाच, पोरी, वाच. 'विकणे आहे. ऐतिहासिक वास्तू, उंच भिंतींची बाग, संपूर्ण शांतता.' ब्रिसेचं गाढव या दलालाने ऐकलेलं दिसत नाही."

"गाढव शेजारी आहे म्हणून कोण लिहील?"

"मी लिहिलं असतं. आणि खाली लिहिलं असतं, येऊ नका."

त्या दिवसापासून सां-लुबांमध्ये सगळ्यांना कळलं की ला ब्रेतेश, म्हणजे आमच्या गावाच्या भाषेत 'मोठं घर', विकायला निघालं आहे. घराच्या म्हाताऱ्या मालकीणबाई मादाम द व्हेर्नुई हिवाळ्यात वारल्या. भाचे बोर्दोला. त्यांना हे घर म्हणजे गळकी कौलं आणि न तापणाऱ्या खोल्या.

मी आर्लेतबाईंच्या माडीवर भाड्याने राहते. नदीकाठच्या कोठारात आमच्या नाटकमंडळीच्या तालमी चालतात. गावात निम्म्या लोकांना बाईंनी वाढवलं आहे, अगदी शब्दशः. शाळेच्या खानावळीत त्या आयुष्यभर स्वयंपाकीण होत्या. आता गावचा सरपंच असो की बेकरीवाली नादेज, बाईंसमोर आली की ताट पूर्ण संपवल्यासारखा चेहरा करते.

पण त्यांचं खरं आयुष्य शाळेत गेलं नाही. ते गेलं आमच्या गल्लीपलीकडच्या भिंतीआड. त्यांचे वडील एमिलियां मोठ्या घराचे माळी. मागच्या भिंतीत एक बुटकं हिरवं दार आहे, त्याची किल्ली आधी त्यांच्या खिशात असायची, मग बाईंच्या एप्रनच्या खिशात आली. त्या दारातून आत गेलं की समोर उन्हाच्या भिंतीला टेकून नासपतीचं झाड. एमिलियांनी रोप असल्यापासून त्याच्या फांद्या भिंतीला बांधत बांधत असं वाढवलं की ते झाड वाटतच नाही. पाठ भिंतीला लावून, दोन्ही हात पसरून कोणी आपली वाट बघत उभं आहे, असं वाटतं.

दर वर्षी मे महिन्यात, नासपती बोराएवढी असताना, बाई तिच्यावर रिकामी बाटली चढवून फांदीला सुतळीने बांधतात. फळ बाटलीतच मोठं होतं. मग देठ सोडवायचं, आत ब्रँडी ओतायची. गावात लग्न ठरलं, बारसं झालं, की बाईंची बाटली जाते. जत्रेत आलेले पाहुणे विचारतात, एवढं मोठं फळ एवढ्याशा तोंडातून घातलं कसं? बाई म्हणतात, "समजूत काढून."

म्हाताऱ्या मादाम दर वसंतात म्हणायच्या, "आर्लेत, फुलं माझी, फळं तुझी." एवढ्यावर सगळं चाललं होतं.

एक मात्र होतं. मोठ्या घराच्या पुढच्या फाटकातून बाई कधी आत गेल्या नाहीत. गरजच पडली नाही. ते फाटक पाहुण्यांचं. तिथे साखळीची घंटा आहे. "ती वाजली ना," बाई सांगायच्या, "की बाबा असतील तिथे ताठ उभे राहायचे, टोपी काढायचे आणि म्हणायचे, पाहुणे आले. पाहुणे बागेत येवोत न येवोत. मीही हातातलं गाजर खाली ठेवून उभी राहायचे. घंटा एवढी मोठी, एवढी मोठी, पोटात वाजायची."

जूनमध्ये गिऱ्हाईक ठरलं. पॅरिसचे मस्यू आणि मादाम तेसांदिए, निवृत्त जोडपं. सह्या जुलैअखेर, नोटरी सुट्टीवर जायच्या आत. त्या वेळी बाटल्यांतली फळं अजून हिरवीगार आणि दगडासारखी असणार होती.

बाई मला घेऊन नोटरी कोलोंबेंकडे गेल्या. कोलोंबे चाळिशीचे, टक्कल पडलेले, पण बाईंना बघून खुर्चीत नीट बसले.

"पालक खातोस का रे आता?"

"खातो, मादाम आर्लेत."

"खोटं बोलतोस. बरं, मला सांग, झाडावरच्या नासपत्या कोणाच्या?"

"सहीच्या दिवशी झाडावर असतील तर घराच्या. फळ लटकतंय तोवर कायद्याने ते जमिनीचाच भाग. तोडलं की ज्याने तोडलं त्याचं सामान."

"आणि बाटली?"

"बाटली तुमची."

"म्हणजे भांडं माझं आणि आतलं त्यांचं? अरे, मी तुला वाढलेल्या सुपाचं असं केलं असतं तर?"

कोलोंबे हसले. मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "सहीच्या आधी कापून घ्या. मी काही ऐकलं नाही, काही बोललो नाही."

बाईंचा भाऊ फेर्नांही तेच म्हणाला. तो रोज दुपारी येतो, कॉफी पितो आणि कॉफीला नावं ठेवतो. "काप आणि घरी आण. कसला एवढा विचार करतेस?"

"कच्ची आहेत."

"ब्रँडीत काय कच्चं न् काय पिकं! दोन पेल्यांनंतर कोण बघतंय?"

"बाबा बघतायत."

"बाबा जाऊन किती वर्षं झाली, आर्लेत."

"म्हणून काय त्यांची नजर गेली?"

सहीच्या आदल्या दुपारी त्या कात्री घेऊन आत गेल्या. मी मागे होते. त्यांनी एक बाटली हातात धरली, काचेतून फळ बघितलं, कात्री देठापाशी नेली. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग कात्री खिशात टाकली, एका फांदीची सैल झालेली सुतळी नीट बांधली आणि म्हणाल्या, "चल."

बाहेर आल्यावर हिरवं दार ओढून घेतलं. किल्ली एप्रनला पुसली, चकचकीत होईपर्यंत, आणि नोटरीकडे नेऊन दिली.

पुढचा अख्खा ऑगस्ट नुसता वाट बघण्यात गेला. सां-लुबांत नव्याने राहायला आलेला माणूस आधी शेजाऱ्यांच्या दारी येऊन नमस्कार करतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पाणी उताराकडे जातं तसं हे. बाईंनी त्यासाठी चांगले पेले घासून ठेवले. आज येतील, नाहीतर रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर येतील. आले की सहज विचारतील, त्या बाटल्या कसल्या हो, मादाम? आणि मग बाई सांगतील.

कोणी आलं नाही.

एके सकाळी पाव घ्यायला गेले तर नादेज म्हणाली, "अगं, ते मस्यू तेसांदिए आले होते. बिचारे म्हणतात, इथली माणसं फार अबोल. महिना होत आला, एकही शेजारी भेटायला आला नाही. त्यांच्या बायकोने म्हणे चांगले पेले काढून ठेवलेत."

मी पळत घरी आले आणि सांगितलं. बाई कांदा चिरत होत्या.

"मी का जाऊ? गावात आलं कोण? ते."

"पण त्यांना वाटतं की—"

"त्यांना वाटू दे." सुरी जोरात चालली. मग थांबली. "नासपत्यांबद्दल काही म्हणाले?"

"नाही."

"पिकल्या असतील आता. पिवळ्या पडायला लागल्या असतील. एकदा गळून बाटलीत पडली की लगेच सडते." त्यांनी डोळे पुसले, कांद्याचं निमित्त तयारच होतं. "तू नाटकवाली ना? चढ भिंतीवर."

"काय?"

"तुमच्यात चढतात, उड्या मारतात, मी बघितलंय. चढ आणि सांग."

दुपारी फेर्नां आल्यावर त्याने ढकलगाडी धरली, मी तिच्यावर उभी राहिले आणि भिंतीच्या कौलांवर कोपर टेकवले.

"काय दिसतं?" खालून बाई.

"झाड दिसतं. बाटल्या आहेत. सगळ्या आहेत!"

"रंग?"

"खालच्या पिवळ्या. वरच्या अजून हिरवट."

"गांधीलमाश्या?"

"एक मोठी आहे. तिने गवताची टोपी घातलीय."

"आँ?"

"मस्यू आलेत. बाटलीला डोळा लावून बघतायत. आता बायकोला हाक मारतायत. बायको म्हणते, गांधीलमाश्या पकडायचे सापळे असतील, काढून टाका."

"सापळे!" बाईंनी फेर्नांचा दंड असा दाबला की ढकलगाडी हलली आणि मी ओरडले. टोपी वर वळली.

"बोंजूर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"बोंजूर, मादमोआझेल. तुम्ही... उभ्या आहात?"

"हो. खाली अजून दोघं आहेत."

मस्यू तेसांदिए भिंतीजवळ आले. गोरा, घामेजलेला, गोंधळलेला चेहरा. "या बाटल्या कोणाच्या, तुम्हाला माहीत आहे का?"

मी खाली बघितलं. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, दगडांशी बोलावं तशा.

"बाटल्या माझ्या," त्या म्हणाल्या. "नासपत्या तुमच्या."

पलीकडे क्षणभर शांतता. ती दलालाच्या पाटीवरची, बहुतेक.

"मग यांचं करायचं काय, मादाम?"

"खालची एक बाटली हळूच वर उचला. फळ आडवं होईपर्यंत. देठ आपण होऊन सुटलं तर पिकली. ओढू नका!"

मी बघत होते. मस्यूंनी टोपी काढून गवतावर ठेवली, दोन्ही हातांनी बाटली उचलली, झोपलेलं मूल उचलावं तशी.

"सुटली!" ते बायकोकडे वळून ओरडले. "जान, सुटली बघ!"

बाईंनी भिंतीला तळहात लावला. तो तसाच राहिला.

"ही तुमच्याकडे आणून देतो," मस्यू म्हणाले. "त्या दाराने... अरेरे, त्या दाराला आतून लाकडं रचून ठेवलीत आम्ही. सगळ्या हिवाळ्याची. मादाम, तुम्हीच या ना, पुढून. मोठ्या फाटकाशी या, घंटा वाजवा. रविवारी या. बाकीच्या आपण मिळून काढू, मला काही येत नाही यातलं. पुढूनच या हं, मागच्या त्या बुटक्या दाराने तुम्हाला कशाला बोलवायचं!"

किती आपुलकीने म्हणाले ते. बाईंचा हात भिंतीवरून खाली आला.

"बरं, मस्यू," त्या म्हणाल्या.

रविवारी त्यांनी निळा झगा घातला, लग्नाकार्यातले बूट काढले, कांद्याची पात भरलेली खारी पोळी, तार्ट, भट्टीत भाजला. फेर्नां म्हणाला, "बिशपला भेटायला चाललीस का?" एरवी त्याला सडेतोड उत्तर मिळालं असतं. आज मिळालं नाही, तेव्हा त्याने वाकून बाईंच्या बुटांवरची धूळ रुमालाने पुसली.

घरासमोरची गल्ली ओलांडली की बाग, एवढंच अंतर त्यांना आयुष्यभर ठाऊक. आज आम्ही सबंध भिंतीला वळसा घालून गेलो. हिरव्या दारापाशी त्यांचा हात खिशाकडे गेला, पण निळ्या झग्याला खिसा नाही. पुढे तळ्याची बाजू, पुढे तबेल्याची, मग चुनखडीच्या दगडांचे दोन खांब आणि मधे फाटक. विक्रीची पाटी काढली होती, खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती.

साखळी लोंबत होती. बाईंनी तार्ट माझ्या हातात दिला.

"तू ओढ," त्या म्हणाल्या.

"मी नाही. तुम्हाला बोलावलंय."

त्यांनी साखळी धरली. ओढली. आत कुठेतरी घंटा वाजली, किणकिण, बकरीच्या गळ्यातल्यासारखी.

"एवढीशी?" बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आतून केवढी मोठी यायची."

आतल्या खडीवर पावलं वाजू लागली. बाई ताठ उभ्या राहिल्या, अगदी ताठ, आणि त्यांचा हात डोक्याकडे गेला, तिथे नसलेली टोपी काढायला.

"पाहुणे आले," त्या पुटपुटल्या.