चंदरीच्या हिरडीचा तुकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ते गेले तोवर. लेकीला तर नाहीच, तिच्या पोटात काही राहत नाही. देवापुढे बसले तेव्हाही हे सोडून बाकीचं सगळं बोलले. आज सांगते. मध्येच अडखळेन, तेवढं चालवून घ्या.

मी जव्हारच्या एका दवाखान्यात आया होते. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते औषधांच्या खोक्यांवरून. माहेर साखरशेतचं, म्हणून डोंगरातल्या बायांची बोली मला येते. दवाखान्यात कुणी बाई आली आणि डॉक्टरला तिचं काही कळेना, की मला हाक यायची. मी ऐकायची आणि सांगायची. खरं सांगते, बरोबर सांगायची, पदरचं काही न घालता. बाया म्हणायच्या, हिच्या तोंडून गेलं की डॉक्टरला पोचलंच. ते ऐकून मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं. तेच तर — पण थांबा, क्रमाने येते.

नव्वद सालानंतरची गोष्ट, शतक संपत आलं होतं. भाताची झोडणी झाली की थंडीत मुंबईहून दातांचे डॉक्टर जीप घेऊन यायचे आणि बायांशी बोलायला मला सोबत न्यायचे. आमच्याकडे बाया मशेरी लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना चोळायची. मीही लावायची, लपवत नाही. मग हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलायला लागतात. हिरडीत आत नेमकं काय बिघडतं, ते या डॉक्टरांना शोधायचं होतं.

त्यांच्यात एक मॅडम होत्या. दक्षिणेकडच्या, हिंदी बोलायच्या, आमची बोली त्यांना कळायची नाही. मला मौसी म्हणायच्या, माझ्याशेजारी बसून माझ्या डब्यातली नागलीची भाकर खायच्या. त्यांनी मला सगळं समजावलं. दात काढताना हिरडीचा कणीएवढा तुकडा घ्यायचा, गुलाबी पाण्याच्या बाटलीत सोडायचा आणि बर्फाच्या डब्यातून मुंबईला न्यायचा. तिथे त्या तुकड्यातून पेशी बाहेर पडतात, बाटलीच्या तळाला धरून वाढतात. दाट झाल्या की काढून दुसऱ्या बाटल्यांत घालायच्या. मी म्हटलं, म्हणजे राबातली रोपं उपटून लावणी करतो तसंच की! त्या हसल्या. "बिलकुल वैसा, मौसी." मग त्या पेशींवर मशेरीचं पाणी घालून बघायचं, हिरडीतले जंतू सोडून बघायचं. काय मरतं, काय टिकतं, काय दिलं तर वाचतं. जित्या माणसाच्या तोंडात असले प्रयोग कसे करणार?

आणि जीपमधून उतरण्याआधी मॅडम दरवेळी बजावायच्या — सगळं सांगा. नको म्हणाली तर नको. दात आपण तरीही काढू, औषध तरीही देऊ.

मला ते पक्कं कळलं होतं. न कळल्याचं सोंगसुद्धा मी घेऊ शकत नाही.

मोखाड्याकडे पोशेऱ्याला गेलो, त्या दिवशी सकाळपासून सगळ्या नाहीच म्हणत होत्या. दात काढून घेत, तुकड्याचं नाव काढलं की पदर तोंडावर. बर्फ वितळत चालला होता. मॅडम नुसतं डब्याचं झाकण उघडून बघायच्या आणि परत लावायच्या. मला ते झाकण लागल्याचा आवाज टोचायला लागला. माझ्या तोंडून गेलं की होतं ना? मग आज का होत नाही?

तेवढ्यात चंदरी आली.

चंदरी तिथलीच, भात-नागली करणारी, माझ्याहून थोडी लहान. तिच्या एका बाळंतपणात मी तिच्यापाशी होते, तेव्हापासूनची ओळख. शाळेच्या पडवीत खुर्चीवर टेकता टेकता म्हणाली, "बाय, ह्यो दात माझ्या दादल्यासारखा झालाय. कामाचा नाय, न सुटत बी नाय." सगळी पडवी हसली. दादला खांबाला टेकून उभा होता, तो म्हणाला, "मला काढशील तवा सुई दे गं आधी, लय दुखंल."

मी तिला सगळं सांगितलं. तुकडा, बाटली, मुंबई, वाढणं, अगदी लावणीसुद्धा. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दात काढा. तुकडा नको."

का गं, मी विचारलं.

"अंगातून निघंल ते घरच्या मातीत जातं आमच्यात. पोरांची वार दाराशी पुरली, पडलेलं दात पुरलं. माझा तुकडा तिकडं बाटलीत वाढत ऱ्हायला न मी मेली, तर मी सगळी गेली का नाय गेली?"

 

मॅडमनी विचारलं, "क्या बोल रही हैं?"

आणि मी — हे वाक्य किती वेळा ओठापर्यंत आलं आणि तिथूनच माघारी गेलं — मी म्हटलं, "हां बोल रही है. पूछ रही है, दुखेगा क्या."

झालं. एवढंच. चंदरीला हिंदी कळत नव्हती. मग तिच्याकडे वळून म्हटलं, "बरं, नाय घेत. तोंड उघड."

तिने माझ्याकडे बघत तोंड उघडलं.

सुईने हिरडी बधिर झालेली. दात निघाला, मागोमाग तुकडाही निघाला, तिला काही जाणवलं नाही. पण बाटलीत काहीतरी पडताना तिने पाहिलं. गालात कापूस होता, बोलता येईना, तिने बोटाने विचारलं — ते काय? मी म्हटलं, किडका भाग होता, काढावाच लागला. तिने हात पसरला. द्या माझं मला.

तिथे तरी थांबता आलं नसतं का? मॅडम हाताच्या अंतरावर होत्या. बाटलीचं झाकणही अजून लागलं नव्हतं. मी पाठ फिरवली, रक्ताने भिजलेल्या कापसाची बारीक गोळी वळली, दातासोबत पळसाच्या पानात बांधली आणि तिच्या हातावर ठेवली. घे, म्हटलं, हेच ते.

जीप निघायला वेळ होता म्हणून ती मला घरी घेऊन गेली. कोरा चहा केला. मग कोयत्याने दाराशी खणलं, पुडी ठेवली, माती लोटली, वरून तळव्याने दाबली. तोंडातल्या तोंडात काही म्हणाली, ते माझ्यासाठी नव्हतं. मी चहा पीत बसले होते. ती कापूस पुरत होती आणि मी चहा पीत होते.

पुढच्या थंडीत मॅडम आल्या त्या खुशीतच. दाभोसा गावातून नेलेल्या तुकड्यांना बुरशी लागली होती, पोशेऱ्याचा तेवढा तगला. भराभर वाढला. त्याच्या पेशी नळ्यांत भरून गोठवून ठेवल्यात, लागतील तेव्हा पुन्हा जाग्या करता येतात, असं सांगत होत्या. म्हणाल्या, "चलो मौसी, उनको थँक्यू बोल के आते हैं." मी म्हटलं, ती वसईकडे वीटभट्टीवर गेलीय. चंदरी कुठेही गेली नव्हती. आदल्याच बाजाराला भेटली होती, वालाच्या शेंगा माझ्या पिशवीत कोंबून गेली होती.

त्या कामातून पुढे काही चांगलं निघालं असेल. हिरड्यांची औषधं, आणखी काही. निघालं असेल तर बरंच आहे. पण ते मी इथे पुढे करणार नाही. मी तेव्हा औषधांचा विचार करत नव्हते. मला मॅडमच्या डब्याचं ते झाकण तुकडा ठेवायला उघडलेलं हवं होतं, आणि ते माझ्यामुळे उघडलेलं हवं होतं.

चंदरीने मात्र त्यानंतर पोशेऱ्याच्या कितीतरी बायांना माझ्याकडे पाठवलं. जा, म्हणायची, ती बाय आपलं बोलणं बदलत नाय. त्या यायच्या आणि मला हे सांगायच्याही. मी त्यांना बसायला जागा करून द्यायची.

काही वर्षांनी ती आजारी पडली. खोकला, ताप, अंग पार वाळलं. मी भेटायला गेले. सून मला पाहून हंडा घेऊन पाण्याला गेली. घरात आम्ही दोघीच. चंदरीने माझं मनगट धरलं. पकड अजून चांगली होती.

"बाय, मी जाईन ती सगळी जाईन. माझं कायबी कुठं ऱ्हायलं नाय. तू होती म्हणून. नायतर त्या डागतरांनी नेलंच असतं."

तिला ऐकू येत होतं. ती शुद्धीवर होती. सून लवकर येणार नव्हती, विहीर लांब आहे. मी तिच्या पायांवर गोधडी ओढली आणि म्हटलं, "पड आता. बोलू नको."

ती गेली. तिला नेलं तेव्हा मी दाराशी उभी होते. त्या नळ्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मॅडम यायच्या बंद झाल्या, आणि येत होत्या तेव्हा मी विचारलं नाही.

चंदरी नको म्हणाली होती. मला ते नीट ऐकू आलं होतं.