शेडमधला कॅमेरा चार वाजता का मरायचा

"वर का बघतेस? ते सांग मला आधी. वर का बघतेस?"

दादा ओरडत होता. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. चिंचणीच्या अलीकडे त्याची चिकूची वाडी आहे, आणि आवाज असा की त्या दुपारी वाणगाव स्टेशनात उभी असलेली गाडी सिग्नल मिळायच्या आधीच घाबरून सुटली असणार. हातातला फोन त्याने समोरच्या बाईच्या नाकापासून दोन बोटांवर धरला होता आणि फोनमध्ये तीच बाई होती. शेडमध्ये उभी, हातात चिकू, मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघणारी. दोन सेकंद बघते आणि पडदा काळा.

"सोमवारी बघितलंस. मंगळवारी बघितलंस. काल पण. तू बघतेस आणि कॅमेरा बंद पडतो. डोळ्यांत काय करंट आहे काय तुझ्या?"

वहिनी हसली. मीही हसलो. ती क्लिप मीच शोधून दिली होती, त्यामुळे माझं हसणं जरा जास्तच मोठं होतं.

बाईने हातातला चिकू मधल्या ढिगात ठेवला. चौदा वर्षं ती त्या वाडीत चिकू निवडत होती. मोठा, मध्यम, बारीक असे तीन ढीग, तेही चिकूकडे न बघता, नुसत्या तळव्याच्या अंदाजाने. मी एकदा वजनकाट्यावर तिची परीक्षा घेतली होती, तर काटाच चुकीचा निघाला. घर डोंगराकडचं. तिथे तिचं पावसावर पिकणारं शेत होतं, एवढंसं, की बैल वळवायचा तर शेजाऱ्याच्या बांधावर पाय द्यावा लागे. म्हणून पावसाळा सोडला तर बाकीचं सगळं वर्ष ती वाडीत. पंपाच्या खोलीला लागून तिची खोली. वाडी सुटली म्हणजे खोली सुटली, आणि चोर म्हणून सुटली तर तारापूरपासून वाणगावपर्यंत एकही वाडीवाला तिला दारात उभी करणार नव्हता. हे दादाला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

आता माझं सांगतो. बोईसरला स्टेशनापासून जवळच माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मी बोर्ड लावला त्या महिन्यात बोईसरचे निम्मे चोर पालघरला राहायला गेले, उरलेल्यांनी नोकऱ्या धरल्या. कारखान्याच्या ऐन धुरात मी असा कॅमेरा बसवलेला आहे की माशी जांभई देते तेव्हा तिचे दात दिसतात. दादाला मी तेच सांगितलं. म्हटलं, एका राउटरने तुझी वाडी झाकणार नाही, मेश टाकू. घरात एक मोठा डबा, मग पडवीत, विहिरीवर आणि शेडमध्ये एकेक छोटा पांढरा डबा. एक डबा दुसऱ्याला हात देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि वाडीभर वायफायचं जाळं होतं. "बोंबील निसटेल, यातून माणूस निसटणार नाही," असं मी म्हणालो. दादाला ते इतकं आवडलं की तो ते येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःचं म्हणून ऐकवू लागला.

काम केलं होळीच्या आठवड्यात. होळीला सगळी माणसं डोंगरात घरी जातात, वाडीत चिटपाखरू नसतं. तोडणी बंद, शेड मोकळी, झाडून पुसून ठेवलेली. मला वाटलं, यापेक्षा सोयीचा मुहूर्त नाही. शेडमधला डबा खरं तर वर छपराला लागायला हवा होता, पण वर प्लग नव्हता. त्यासाठी वायर ओढावी लागली असती आणि वहिनीने पुरणपोळ्या लाटायला घेतल्या होत्या. दाराजवळ कमरेच्या उंचीवर एक प्लग होता. तिथेच डबा खोचला. कॅमेरा वर वाशाला. फोनवर चित्र असं आलं की जमिनीवरच्या मुंगीच्या मिशा मोजाव्यात. मी सात पोळ्या खाल्ल्या. वहिनी अजूनही अकरा होत्या म्हणते.

होळी झाली, माणसं परत आली, तोडणी सुरू झाली आणि शेडमधला कॅमेरा रोज चारच्या सुमाराला मरायला लागला. फोनवर गोल गोल चक्र फिरायचं आणि मग 'ऑफलाइन'. संध्याकाळी टेम्पो भरून गेला की आपोआप जिवंत. गेटवरचा, विहिरीवरचा आणि पडवीतला असे बाकीचे तिन्ही ठणठणीत. नेमका शेडमधला, नेमकी माल रचायची वेळ.

एक गोष्ट सांगायला हवी. त्या वाडीत चोरी झालीच नव्हती. कॅमेरा लागायच्या आधी दादाने चौदा वर्षं शेडकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. कॅमेरा लागला आणि तो फोन घेऊन झोपाळ्यावर बसायला लागला. दिवसभर चिकू बघायचा. चार वाजता चिकू दिसेनासे झाले की त्याच्या डोक्यात क्रेटच्या क्रेट कुंपणावरून उडून जायला लागायच्या.

पहिल्या खेपेला मी अ‍ॅडॅप्टर बदलला. दुसऱ्या खेपेला जरा विद्वत्ता काढली. वायफायच्या दोन चाली असतात, एक जलद पण जवळची, एक सावकाश पण लांबची, आणि हे कॅमेरे फक्त सावकाशवाली ओळखतात. मी दोन्ही वेगळ्या केल्या, नावं वेगळी दिली, चॅनेल बदललं, सगळे डबे बंद करून एकामागून एक चालू केले. दादाला हे सगळं अशा भाषेत समजावलं की त्याने दोनदा पाणी मागवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता कॅमेरा मेला.

त्याच दुसऱ्या खेपेला मी शिडीवर होतो आणि बाई खाली क्रेट रचत होती. ती म्हणाली, "भाऊ, माल लागला का तो लाल होतो. माल गेला का परत निळा."

कॅमेऱ्याच्या पोटावर एक बारीक दिवा असतो, त्याबद्दल ती बोलत होती.

मी शिडीवरूनच म्हटलं, "मावशी, कॅमेऱ्याला चिकूची दृष्ट लागते काय?"

"मला काय म्हायीत. मी रोज बगते."

"मग मीठमोहऱ्या ओवाळ."

टेम्पोवाला हसला, तोडणीची माणसं हसली. दादा घरातून आला तेव्हा मी त्याला पुन्हा रंगवून सांगितलं, तिच्या बोलण्याची नक्कल करून. माझी नक्कल चांगली असते. खुद्द तीही थोडी हसली, तोंडावर पदर धरून. मावशी म्हणायचं आणि तिचं ऐकायचं नाही, ही आमच्याकडची पद्धतच आहे.

तिसऱ्या खेपेपर्यंत दादा माझ्या दुकानाबद्दल वाटेल ते बोलायला लागला होता. "तुझं जाळं फाटकं," असं चारचौघांत म्हणाला. मला काहीतरी दाखवणं भाग होतं. मी रेकॉर्डिंग काढून बसलो, आणि तिथे मला ती सापडली. रोज, कॅमेरा मरायच्या अगदी आधी, ही बाई मान वर करते आणि बघते. मी तीन दिवसांचे तुकडे एकाला एक जोडले. बघते, काळं. बघते, काळं. बघते, काळं. दादाला दाखवताना मी एवढंच म्हणालो, "मशीनचा दोष नाही, दादा. माणसाचा असेल."

दादाने बाकीचं स्वतः जुळवलं. तिची नजर म्हणजे खूण. खूण मिळाली की तिचं कुणीतरी मागच्या बाजूने बटण बंद करतं आणि माल कुंपणावरून जातो. कोण, कुठलं बटण, कुठला माल, हे त्याला विचारणारं तिथे कुणी नव्हतं. मी होतो, पण मी गप्प होतो.

"पिशवी आण तिची," दादा म्हणाला.

वहिनीने खोलीतून पिशवी आणली आणि शेडच्या मधोमध उलटी केली. "तू शूटिंग घे," तिने मला सांगितलं. मी घेतलं. दोन लुगडी, एक कंगवा, कागदात बांधलेले सुके बोंबील, रेशनकार्डाची प्लास्टिकमधली झेरॉक्स. आणि चार चिकू. दबलेले. चौदा वर्षं दबलेले चिकू तिचेच असायचे, वहिनी स्वतःच्या हाताने द्यायची.

"हे बघ," वहिनी म्हणाली. "हे बघा सगळ्यांनी."

"तुमीच दिलंत ना काल," बाई म्हणाली.

"मी? मी कशाला देऊ?"

बाईने वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, तुमाला मी सांगितलेलं. लाल होतो तो. म्हनून मी बगते, झाला का लाल. तुमी सांगा शेटला."

फोन माझ्या हातात होता, शूटिंग चालू होतं. मी म्हटलं, "मावशी, बंद कॅमेऱ्याची बाजू घेऊ नकोस. तो बोलत नाही म्हणून बरं आहे."

लोक हसले. मला अजून ते हसणं ऐकू येतं, कारण त्या फोनमध्ये ते आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा आहे.

संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. दादाने वाडीवाल्यांच्या ग्रुपवर तिचा वर बघणारा चेहरा टाकला आणि खाली लिहिलं, 'या बाईला कामावर ठेवू नये.' सदतीस जणांनी अंगठे दिले. एकाने विचारलं, किती माल गेला? दादाने उत्तर दिलं, मोजतोय.

ती शेअर रिक्षात मागे, पाय बाहेर सोडून बसून गेली. पिशवी मांडीवर. जाताना चिकू तिने शेडमध्येच ठेवले, चारही, बारक्या ढिगात.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन. कॅमेरा चार वाजता परत मेला होता.

"ती जाताना काहीतरी करून गेली बघ," दादा म्हणाला. "लिंबूबिंबू शोधायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी साडेतीनला पोचलो. शेडमध्ये बोईसरच्या नाक्यावरून आणलेली चार नवी माणसं क्रेट उतरवून दाराजवळच्या भिंतीला लावत होती. एकावर एक सात, मग पुढे दुसरी रांग, मग तिसरी. बघता बघता माझा पांढरा डबा त्यांच्यामागे गेला. मी वर बघितलं. निळा दिवा थरथरला आणि लाल झाला.

वर बघणारा आता मी होतो. माझं तोंड कॅमेऱ्यात यायला हवं होतं, पण त्याआधीच तो मेला होता.

मी म्हटलं, "वो सब हटाओ." त्यांनी हटवलं. दोन रांगा गेल्या आणि दिवा निळा. "अब वापस लगाओ." लावलं, लाल. "हटाओ." त्यांच्यातला एक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साहब, चढ़ाना है कि उतारना है, एक बार सोच लो."

वायफायला पाणी सोसत नाही. पाण्यातून ते पुढे जातच नाही, जिरून जातं. ही गोष्ट मी दुकानात गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगतो, घरातली माशांची टाकी डब्यासमोर ठेवू नका म्हणून. आणि चिकू म्हणजे दुसरं काय? सालीत भरलेलं गोड पाणी. मी होळीत, रिकाम्या शेडमध्ये डबा खोचला आणि त्याच्यासमोर रोज चार वाजता एक आख्खा तलाव उभा राहत होता.

मी वायर ओढली, वर वाशाजवळ प्लग केला, डबा तिथे चढवला. पंधरा मिनिटं लागली. होळीच्या त्या दिवशी पोळ्या सोडून एवढंच करायचं होतं.

दादाला खरं सांगितलं. मोठेपणाने नाही. तो लिंबू शोधत शेड उकरायला निघाला होता, आणि उकरताना जमिनीतली वायर तुटली असती.

दादाने क्रेटमधला एक चिकू उचलून दाबून बघितला.

"म्हणजे तिने काही केलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

"वर तर बघत होती ना?" दादा म्हणाला.

मी म्हटलं, "ग्रुपवरचं काढून टाक, दादा."

"आता निघत नाही. वेळ गेली त्याची."

"मग दुसरं लिही. चूक झाली म्हणून."

"लिहितो की. पण लोक विचारणार, चूक कुणाची? सांगू तुझ्या दुकानाचं नाव?" त्याने फोन माझ्यापुढे धरला. "तूच टाइप कर. तुला छान जमतं."

ग्रुपवर अंगठे दिलेल्या त्या सदतीस जणांपैकी एकवीस जणांचे कॅमेरे मी लावलेत. मी फोन घेतला नाही. वहिनीने चहा आणला, आम्ही चहा प्यायलो, आणि फोनवर शेड बघितली. चित्र फार छान येत होतं.

पुढे महिनाभराने ती मला बोईसरच्या नाक्यावर दिसली. सकाळची वेळ, ठेकेदारांच्या गाड्या येतात तिथे रांगेत उभी. तीच पिशवी. मी मोटारसायकल वळवली, नसती वळवली तरी चाललं असतं. जवळ जाऊन सगळं सांगितलं. डबा कुठे होता, माल कसा आड यायचा, पाण्यातून कसं जात नाही, होळीत मी कशी घाई केली. दादाने काय म्हटलं तेही सांगितलं. पुरणपोळ्यांचंसुद्धा सांगितलं, का कोण जाणे. माझं बोलणं नेहमीप्रमाणे लांबलं. ती रस्त्याकडे बघत ऐकत होती, ठेकेदाराची गाडी चुकू नये म्हणून.

माझं संपल्यावर तिने विचारलं, "आता चालतो का तो?"

"चालतो. परत एकदाही बंद पडला नाही."

"मंग झालं," ती म्हणाली.