देव्हाऱ्यात बसलेला नाथाजी

कुंडलच्या देवळामागं एक जुना वीरगळ आहे. कुणाचा, कुठल्या लढाईतला, हे गावात कुणालाही सांगता येत नाही. तरी येता-जाता हात सगळेच जोडतात. संध्याकाळी नाथाजी त्या दगडाला पाठ टेकून बसायचा आणि समोर चार माणसं जमली की वीरांच्या गोष्टी सांगायचा. ते वीर इथले नसायचे, समुद्रापलीकडचे असायचे. सिंहाला नुसत्या हातांनी मारून त्याचं कातडं पांघरणारा इराकली, सगळं अंग पक्कं पण टाच तेवढी कच्ची राहिलेला एक तरणा गडी, आणि लढाई संपल्यावर घरची वाट शोधत वर्षानुवर्षं पाण्यावर भटकणारा ओदिसेआस. एवढं मोठं नाव कुणाच्या तोंडात बसणार? गावानं त्याचा उदेसिंग करून टाकला आणि नाथाजीनंही तक्रार केली नाही.

उदेसिंगाची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एका डोळ्याचा राक्षस, माणसांची डुकरं करणारी चेटकीण, सगळं. पण नाथाजी ती नेमकी एका जागी थांबवायचा. उदेसिंग भिकाऱ्याच्या वेशात आपल्या दारात येतो, उकिरड्यावर पडलेलं त्याचं म्हातारं कुत्रं धन्याला ओळखतं, शेपूट हलवतं आणि जीव सोडतं. इथं नाथाजी धोतर झटकून उठायचा.

"म्होरं काय झालं?" कुणीतरी विचारायचंच.

"घरी आला की गडी. आनि काय व्हायचं?"

ही विद्या त्यानं ग्रीसमधल्या एका धनगराकडून आणली होती. महायुद्धात, बेचाळीस साली, मराठा पलटणीतला नाथाजी आफ्रिकेच्या वाळवंटात कैद झाला. कैद्यांना घेऊन निघालेलं जहाज ग्रीसच्या किनाऱ्याजवळ फुटलं, लाटांनी त्याला बाहेर फेकलं आणि यानी नावाच्या म्हाताऱ्या धनगरानं त्याला डोंगरात लपवलं. लढाई संपेपर्यंत नाथाजीनं त्याची मेंढरं राखली, त्याची भाषा उचलली आणि शेकोटीपाशी बसून त्याच्या गोष्टी ऐकल्या. यानीनं उदेसिंगाची गोष्ट पार शेवटापर्यंत सांगितली होती. घरी बायको वाट बघत असते. दुसरं लग्न टाळायला दिवसा विणलेलं रात्री उसवत असते, आणि अखेर नवऱ्याला ओळखते. परत येताना बोटीवर नाथाजीनं एवढाच भाग मनात घोळवला. त्याची बायको राहीबाई. तो गेला तेव्हा लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

घरी आला तर तो मेलेला होता. पलटणीकडून आधी बेपत्ता असं कळलं, मग मेला असं समजावं असं कळलं. राही कोवळी, पदरात पोर नाही. तिच्या माहेरच्यांनी तिचा पाट लावायचं, दुसरं घर करून द्यायचं ठरवलं. पण मेलेल्या नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवल्याशिवाय पाट लावायचा कसा? म्हणून नाथाजीच्या आईनं, बनुबाईनं, कराडच्या सोनाराकडून चांदीचा टाक करून आणला. पत्र्यावर उठवलेला घोडेस्वार, हातात तलवार. नाथाजी जन्मात घोड्यावर बसला नव्हता, पलटणीतही त्याच्याकडं खेचरं होती. पण वीराच्या टाकावर खेचर काढायची रीत नाही. टाक खंडोबाशेजारी बसला, राहीचा पाट कराडपलीकडच्या गावात लागला, आणि पुढच्या साली नाथाजी ट्रंक घेऊन दारात उभा राहिला.

आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोटभर रडली. पण टाक काढायची गोष्ट निघताच तिनं कानांवर हात ठेवले.

"द्येव म्हणून बसिवलाय. त्याला उठिवला आन् माज्या लेकराला काय झालं तर?"

टाक उठला नाही. आई गेली, धाकट्या भावाचा, अर्जुनाचा संसार वाढला, नाथाजी मळ्यातल्या वस्तीवर राहायला गेला, टाक तिथंच. सणाला पुरणपोळीचा नैवेद्य आधी देव्हाऱ्यातल्या नाथाजीला, मग वस्तीवरून आलेल्या नाथाजीला. पितृपक्षात म्हाळाला त्याच्या नावाचा घास छपराच्या पत्र्यावर ठेवला जायचा, आणि नाथाजी अंगणात बसून कावळा शिवायची वाट बघायचा. कारण त्याशिवाय त्यालाही ताट मिळायचं नाही. लोक हसायचे. तोही हसायचा. दुसरं लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, मेलेल्याला पोरगी कोण देतंय. खरं तर त्यानं कुणाकडं मागितलीच नव्हती. वस्तीवर एकटाच चूल पेटवताना तो कधीकधी यानीच्या भाषेत स्वतःशी बोलायचा, कारण ती भाषा समजणारं तिथं कुणी नव्हतं आणि उत्तराची आशाही नव्हती.

चौऱ्याहत्तर साली अर्जुनाच्या थोरल्या लेकाचा साखरपुडा झाला. नाथाजीला ते दुसऱ्या दिवशी ऊसतोडीच्या माणसांकडून कळलं. तो तडक घरी गेला.

"आर्जुना, मला सांगाया काय झालं व्हतं?"

अर्जुना गोंधळला. "आवं दादा, द्येवापुढं सुपारी ठिवली की. सगळ्या द्येवास्नी आवतन दिलं."

तो थट्टा करत नव्हता, लपवतही नव्हता. आपण थोरल्या भावाला मानानं बोलावलं, असंच त्याला मनापासून वाटत होतं. नाथाजीला हे फार लागलं. भांडण असतं तर भांडता तरी आलं असतं.

लग्नाआधी देव उजळायला कराडला न्यायचे होते. "मी नेतो," नाथाजी म्हणाला. बाकीचे देव सोनाराकडं द्यायचे आणि आपला टाक कृष्णेत सोडून द्यायचा, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. मरायच्या आधी एकदा जिवंत व्हायचं होतं त्याला. यापलीकडं त्याला काही नको होतं.

कराडला एसटीतून उतरून तो संगमावर गेला. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात. फडक्याची गाठ सोडून त्यानं आपला टाक हातात घेतला, पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरला, आणि हात काही सुटेना. हा टाक आईनं बसवला तो राहीसाठी. तो उठवायचा तर तिच्या कानावर घालायला नको? इतक्या वर्षांत तो एकदाही तिच्या गावाकडं फिरकला नव्हता. तिचा दुसरा नवरा गेल्या साली वारल्याचंही त्याला बाजारात कळलं होतं. नाथाजी पाण्यातून बाहेर आला आणि कोयनेचा पूल ओलांडून चालू लागला.

उदेसिंगाच्या दारात कुत्र्यानं शेपूट हलवली होती. इथलं पिवळं कुत्रं नाथाजीच्या धोतरावरच धावून आलं. सोप्यात जोंधळा पाखडणाऱ्या बाईनं त्याला हाड् म्हटलं, सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि कोण, कुठले, काही न विचारता आत गेली. तांब्याभर पाणी घेऊन आली.

"वळखलंस?" नाथाजीनं विचारलं.

"पांदीतनं येतानाच. चाल तीच हाय."

तो पाणी प्यायला. फडकं सोडून टाक जमिनीवर ठेवला. "ह्यो किस्नामाईत सोडावा म्हणतो. तुज्यापायी बसिवला व्हता, म्हणून तुला इचारतो."

राहीनं टाक उचलून बघितला आणि परत खाली ठेवला. मग तिनं गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. त्यात नखाएवढा दुसरा टाक होता. पाट लागलेल्या बाईनं पहिल्या नवऱ्याचा टाक गळ्यात बांधायचा, म्हणजे त्याचा जीव आडवा येत नाही, अशी रीत. तिचं मंगळसूत्र गेल्या साली उतरलं होतं. हा दोरा तेवढा राहिला होता. त्यावरचा घोडा आणि स्वार झिजून एक झाले होते.

"तुमी आल्यालं मला त्याच साली कळलं," ती म्हणाली. "थोरला पोटात व्हता तवा. सासू म्हणली, मानूस जित्ता हाय, काढून टाक त्यो. म्या न्हाई काढला. तुमी जित्तं म्हणल्यावर मी कुनाची? आन् पोटातलं कुनाचं?"

घरी आपली वाट कुणी बघितली नाही, ही सल नाथाजीनं इतकी वर्षं एकट्यानं जपली होती. आपलं मेलेलं असणं कुणाच्या इतक्या कामाला येत असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"सोडा की नदीत," राही म्हणाली. "तुमी म्हणत आसाल तर मी बी सोडते. पर माज्या पोरांनी मग काय म्हणायचं, त्येवढं सांगून जावा."

नाथाजीनं टाक उचलून पुन्हा फडक्यात बांधला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बरा हाय तितं. येळंला निवद मिळतोय."

राही हसली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. तो पायरी उतरला तेव्हा ती मागून म्हणाली, "आंगुळीला बसले की पयलं पानी ह्या गळ्यातल्या टाकावर, तुमालाच घालते मी. रोज."

त्यानं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथंच बसला असता.

सोनारानं सगळे देव लखलखीत करून दिले. लग्नाच्या आदल्या दिवशी नाथाजीनं स्वतःच्या हातानं आपला टाक खंडोबाशेजारी बसवला, हळदकुंकू वाहिलं आणि अंगणात येऊन बसला. दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी देव्हाऱ्यापुढं वाकली तेव्हा त्यानं अंगणातूनच आशीर्वादाला हात वर केला. कुणाचं लक्ष नव्हतं.

पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी वीरगळापाशी उदेसिंगाची गोष्ट झाली. कुत्र्यानं जीव सोडला. नाथाजी उठायला लागला तसं धुळा नावाच्या म्हाताऱ्यानं सवयीनं विचारलं, "म्होरं काय झालं गड्या?"

नाथाजी पुन्हा बसला. "बायकोनं वळखलं," तो म्हणाला. "लांबनंच. पानी दिलं."

"मग ऱ्हायला आसंल घरात."

"न्हाई. तिची पोरंबाळं व्हती. पानी पिऊन आल्या वाटंनं परत गेला."

लोकांना हे काही पटलं नाही. एवढे समुद्र ओलांडून आलेल्या वीरानं दारातून माघारी फिरावं, याला काय अर्थ? धुळा तर चिडलाच. म्हणाला, ह्यापरास कुत्र्याचाच शेवट ब्येस हाय.

"व्हय," नाथाजी म्हणाला, "त्योच ब्येस हाय." आणि धोतर झटकून वस्तीच्या वाटेला लागला.