कंगोरा असलेला देव

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंना सगळी इमारत अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते. खरं तर मी त्यांच्याहून वयाने मोठी. त्या तंजावरच्या मराठी. त्यांच्या घरातलं मराठी जुनं, तमिळ हेल काढून बोललेलं. मी नाशिककडची, ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी चेन्नईला आले आणि ती संपल्यावरही इथेच राहिले. सुरुवातीला आम्हा दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं. आता निम्मं न बोलताच कळतं.

माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. दगडांतलं जे काही कळतं, ते इथल्या उन्हाळ्याच्या कृपेने. मे महिन्यात घरात बसवेना, तेव्हा मी म्युझियमच्या जाड भिंतींच्या गार दालनात जाऊन बसायची. बसून बसून किती बसणार? समोरच्या काचेच्या कपाटात जीवाश्म होते, ते बघायला लागले. मग फूटपाथवरून जुनी पाठ्यपुस्तकं आणली, एक भिंग घेतलं. तिथेच एका निवृत्त प्राध्यापिका बाईंची ओळख झाली. त्यांना मी अजून प्रश्न विचारून भंडावते आणि त्या अजून फोन उचलतात.

हे सगळं अक्कांना ठाऊक. म्हणून एका सकाळी त्या आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, त्यांचा शाळिग्राम बघायचा आहे.

भानगड अशी होती. त्यांच्या कुळाची वर्षाची पूजा सासूबाई होत्या तोवर अक्कांच्याच घरी व्हायची, कारण सासूबाई धाकट्या सुनेकडे राहायच्या आणि जाताना देवही तिच्याच हाती देऊन गेल्या. थोरली जाऊ नुंगंबाक्कमला राहते. तिच्या माहेरून आलेला एक शाळिग्राम तिच्याकडे आहे. तिने आता म्हणायला सुरुवात केली होती की आपला तेवढा गंडकी नदीतला खरा, अक्कांचा म्हणजे कुठलातरी गोटा. तेव्हा पूजा ह्यापुढे आपल्याकडे. अक्कांना पूजा जायला नको होती. मी भिंग लावून ‘हा गंडकीचा’ एवढं सांगावं, की त्या जावेचं तोंड बंद करणार होत्या.

मी म्हटलं, दगड काय सांगेल ते मी सांगेन, त्याच्याकडून वदवून नाही घेणार. त्यांनी मान डोलावली. हो म्हणाल्या, पण ऐकलं नव्हतं.

शाळिग्राम म्हणजे मुळात अमोनाइट, फार पूर्वी समुद्रात राहणारा, मासळीबाजारात मिळणाऱ्या म्हाकुलाच्या नात्यातला प्राणी. तो वेटोळ्या शंखात राहायचा. वाढला की पुढे नवी खोली बांधायची, मागची भिंत घालून बंद करायची. त्या भिंती शंखाला जिथे चिकटतात तिथे नागमोडी रेघ उमटते, तिला शिवण म्हणतात. ह्या शिवणी, शंखावरच्या फासळ्या, पाठीची कड, ह्यांवरून प्राणी कुठल्या घराण्यातला ते ओळखतात. आणि अमुक घराणं अमुक काळातच होतं हे ठाऊक असलं, की त्याच्यावरून खडकाचंही वय निघतं.

पण बघायचं कसं? देवाला हात लावायचा तर सोवळ्यात. मी आंघोळ करून अक्कांचं रेशमी नेसले आणि पाटावर बसले. डोळ्यांवर चष्मा, हातात भिंग. अक्का म्हणाल्या, सोन्याच्या दुकानातली बाई वाटते.

देव काळा कुळकुळीत होता. गंडकीचा काळाच असतो, म्हणून अक्का खूश. मला मात्र ते काळेपण बोटाला चिकट लागलं. पिढ्यान् पिढ्या तिळाच्या तेलाचा दिवा शेजारी जळलेला, तेलाचा हात लागलेला. धुवायला हवा म्हटल्यावर अक्का लगेच चिंच घेऊन आल्या, कारण त्यांच्याकडे देव चिंचेनेच लख्ख होतात. मी त्यांचा हात धरला. पितळेच्या देवाला चिंच चालते. हा चुन्याचा दगड निघाला तर आंबटाने अंगच खाल्लं असतं त्याचं. मग कोमट पाणी, शिकेकाई आणि नारळाचा काथ्या. अक्का चोळत होत्या, मी नको तिथे जोर लावू देत नव्हते. तासाभराने खालून पिवळट तपकिरी रंग वर आला.

अक्कांचा चेहरा पडला. मी म्हटलं, नुसत्या रंगावर जाऊ नका, अंगलट बघू.

पुस्तकातल्या चित्रांत गंडकीकडच्या शंखांच्या फासळ्या बहुतेक बाहेरच्या कडेला जाताना दोन दोन होतात आणि पाठीवर कंगोरा नसतो. ह्याच्या पाठीवर मात्र सरळ उभा कंगोरा होता, अंगठ्याला लागावा असा, आणि फासळ्यांवर गाठी. मी मनात म्हटलं, लागला पत्ता. फोटो काढून प्राध्यापिका बाईंना पाठवले. त्यांनी फोनवर मला चांगलंच झापलं. कंगोरा वेगवेगळ्या घराण्यांत, वेगवेगळ्या काळी, आपापला उगवलेला आहे, एवढ्यावर नातं जोडायचं नाही. म्हणाल्या, तुम्ही आणि तुमचे मिस्टर इतकी वर्षं एका घरात राहून सारखे दिसायला लागलात, म्हणून काय बहीण-भाऊ झालात?

ह्यांना सांगितलं तर ते आरशात बघून आले.

मग शिवण शोधली. एका बाजूला वरचा पापुद्रा झिजला होता, तिथे भिंगाखाली ती सापडली. कंगोरा, गाठींच्या रांगा आणि शिवण, तिन्ही एकत्र जुळल्यावर बाई म्हणाल्या, हा हिमालयातल्यांपेक्षा पुष्कळ नंतरचा. आपल्या अरियलूर-तिरुची भागातल्या जुन्या समुद्राचा असावा. तो समुद्र कावेरीच्या उत्तरेला, तंजावरपासून फार लांब नाही. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली: शेवटच्या शिवणी एकमेकींना खेटून आहेत, म्हणजे वाढ संपत आलेला, पुरता मोठा झालेला प्राणी होता.

मी अक्कांना सगळं सांगितलं, एकदम आणि सरळ. गंडकीचा नाही.

त्यांनी देव पुसून पाटावर ठेवला. मग विचारलं, “आमी तंजावरला आलो, त्याच्या आदी तिथं होता हा?”

“तुम्हीच काय, नदीसुद्धा नव्हती तेव्हापासून.”

“आणि म्हातारा.”

“वयात आलेला, अनुभवी.”

“सरी,” म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि गंध लावायला घेतलं. त्या दिवशी जेवायला मला थांबवून घेतलं, सांबारात शेवग्याच्या शेंगा जास्त माझ्याच वाट्याला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच जावेला फोन केला. माझा इथलाच आहे, गंडकीचा नाही, पूजा तुझ्याकडे ठेव. पण माझा देव घरी एकटा राहणार नाही, तो घेऊन येईन. अक्कांना दोनदा हॅलो करावं लागलं. जावेची भांडणाची सगळी तयारी वाया गेली होती.

पूजेला अक्का मलाही घेऊन गेल्या. नुंगंबाक्कमचं घर मोठं, माणसंही मोकळी. एकाच ताम्हनात दोन्ही देव ठेवले. जावेचा खरंच सुरेख, काळा, गुळगुळीत. अभिषेक करता करता तिने अक्कांचा देव उचलला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. थांबली. परत फिरवला. मग आपला उचलून त्याला चारी बाजूंनी चाचपलं.

“हे पाठीवर काय गे?”

अक्कांनी सांगितलं. कंगोरा, गाठी, बंद केलेल्या खोल्या, खेटलेल्या शिवणी. मी सांगितलेलं सगळं, आणि थोडं पदरचंही.

जाऊ माझ्याकडे वळली. “बाई, माझा पण बघा की.”

मी सोवळ्यातच होते. भिंग काढलं. बघितलं, उजेडात धरून बघितलं. वेटोळं आतच बंद, वर काहीसुद्धा उमटलेलं नाही. म्हटलं, आत कोण आहे ते दगड फोडल्याशिवाय कळायचं नाही, आणि फोडायचा तर नाहीच. गंडकीचा असेलही, मला नाही सांगता यायचं.

तिने तो हळूच ताम्हनात ठेवला. दूध घातलं, मग पाणी. पुसून दोघांना पाटावर बसवताना अक्कांचा आधी बसवला, बहुतेक वयामुळे. जावेचा गंडकीचा असेल तर खरं तर लहान अक्कांचाच, कारण हिमालयातले शंख पुष्कळ आधीचे, पण ते मी पोटात ठेवलं.

“पुढच्या वर्षी तुझ्याकडे येतो आमी,” ती अक्कांना म्हणाली. “मला जिने चढवत नाहीत, तरी येतो. एक वर्ष तुझ्याकडे, एक माझ्याकडे.”

अक्कांनी तिच्या पानावर पायसम वाढलं, आणि ती हाताने पुरे पुरे करत असतानाही आणखी एक पळी वाढलं.