घंटेला हात लावू नये

न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या गावात स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी बांधलेलं एक जुनं दगडी चर्च आहे. त्यांच्या मूळच्या गावातल्या चर्चची हुबेहूब नक्कल. घर सोडून यायचं आणि इथे पुन्हा तेच घर मांडायचं, ही खोड फक्त आपलीच असं मला वाटायचं. आता बाकं शेकडो माणसांची आणि माणसं उरली अकरा. म्हणून तळघरातला हॉल रविवारी दुपारी आमच्या मराठी शाळेला मिळायचा, सोबत नियमांचा कागद: दिवा लावू नये, तळण करू नये, घंटेला हात लावू नये. घंटा फक्त त्यांच्यातलं कुणी वारलं की वाजायची.

पुढच्या वर्षी हॉल द्यायचा की नाही, हे त्या रविवारी ठरणार होतं. आमच्या कमिटीने शिस्तीबद्दल आठ ईमेल पाठवल्या होत्या. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे बाबा ईमेल वाचत नाहीत. त्यांनी दारात चपला काढल्या, घंटेची दोरी दिसली, ओढली.

दहा मिनिटांत अकराही म्हातारे काळे कोट घालून हजर. कोण कमी आहे, ते एकमेकांत शोधत होते. कुणीच कमी नव्हतं, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली. एरवी माइक न सोडणारे आमचे अध्यक्ष तेवढ्यात गाडीत जाऊन बसले.

"बाबा, इथे कशालाही टच करू नका म्हटलं होतं ना?" मी सगळ्यांदेखत ओरडले. बाबा एवढंसं तोंड करून चपला शोधू लागले. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई काठी टेकत पुढे आली आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, का वाजवली?"

"देवाच्या दारात आलो, तर आलो म्हणून सांगावं लागते ना," बाबा पुटपुटले.

मी भाषांतर केलं. बाईने दोरीला हात लावला. "आम्ही गेलेल्यांसाठीच वाजवत आलो," ती म्हणाली. "आलेल्यांसाठी वाजवावी, हे सुचलंच नाही."

हॉल मिळाला. कमिटीने त्याचं श्रेय आठ ईमेलना दिलं.

बाबा भारतात परतले, त्यानंतरच्या रविवारी ती बाई दाराशी उभी होती. तिने दोरी माझ्यापुढे धरली.

"तू आलीस ना?" तिने विचारलं.

मी बूट काढले आणि दोरी ओढली.